सहलीचं चीज

"हे उलटं करायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, उन्हात न्यायचं नाही, आणि उघडायचं तर मुळीच नाही," असं म्हणत रेमेबाईंनी फडक्यात बांधलेलं गाठोडं ऑरिनच्या हातात ठेवलं. तान्हं मूल दुसऱ्याच्या हाती देताना बाई जशी 'मान धर' म्हणते, तशी त्यांची मुद्रा होती.

ऑरिन टॉलेफसन पाठीला सॅक अडकवून दारात उभा होता. ईस्टरची सुट्टी लागली होती आणि लिस्बनची बस काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. मिनेसोटातल्या एका गाईगुरंवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा स्पॅनिश शिकायला म्हणून एका सत्रापुरता स्पेनमधल्या कासेरेसला आला होता आणि रेमेबाईंच्या घरी, त्यांच्या थोरल्याच्या रिकाम्या खोलीत राहत होता. स्पॅनिश त्याला समजायची. फक्त जगातल्या कोणत्या वस्तूला 'तो' म्हणायचं आणि कोणत्या वस्तूला 'ती', याचा त्याला अजून पत्ता लागला नव्हता.

"मी समजली, सेन्योरा," तो म्हणाला.

"समजलो."

"समजलो. हा चीज कोणाची आहे?"

"चीज माझं आहे. मी केलेलं. आणि आहे एन्कार्नासाठी. माझी धाकटी बहीण. लिस्बनला आल्फामात राहते. पत्ता गाठीत खोचलाय."

"मग तिला फोन करून सांगा ना, मी येतोय म्हणून."

"फोन? मी?" रेमेबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मी तिच्याशी बोलत नाही."

"पण चीज पाठवता?"

"बोलायचं ते चीज बोलेल."

भांडण चीजवरूनच होतं. रेमेबाईंचे वडील मेंढपाळ. काटेरी रानफुलांचं विरजण लावून मेंढीच्या दुधाचं असं चीज करायचे, की वरून भाकरीसारखं टणक आणि आत चमच्याने खावं इतकं मऊ. वास मात्र असा, की शेजाऱ्यांना घरबसल्या कळावं. वडील गेल्यावर रेमेबाईंनी ते चालू ठेवलं. एन्कार्ना आदेलिनो नावाच्या पोर्तुगीज माणसाशी लग्न करून सीमेपलीकडे गेली. सहा वर्षांपूर्वी एका भाच्याच्या लग्नात, भरल्या पंगतीत, ती सहज म्हणून गेली, "खरं सांगू? आदेलिनोच्या गावचं चीज अगदी असंच लागतं. उलट जरा बरंच." त्या 'जरा बरंच'वर दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

"तिने पहिला घास घेतला की तोंडाकडे बघ," रेमेबाई म्हणाल्या, "आणि काय म्हणते ते शब्द न् शब्द मला येऊन सांग." मग ऑरिनच्या सॅकचा पट्टा उगाचच नीट करत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही आता म्हाताऱ्या झालो रे. ती माझ्या आधी गेली, तर मी भांडू कोणाशी?"

ऑरिनच्या गावाकडे 'नाही' हा शब्द फार कमी वापरतात. त्याने गाठोडं छातीशी धरलं आणि निघाला.

बसस्टँडवर जोसलिन पगानो फोनमध्ये डोकं घालून उभी होती. ती न्यू जर्सीची, ऑरिनच्याच वर्गातली. लिस्बनच्या सहलीचा तिने असा बेत आखला होता, की त्यात श्वास घ्यायलासुद्धा जागा राखून ठेवावी लागली असती. तिने मान वर केली ती नाकामुळे.

"हे काय आहे?"

"चीज."

"जिवंत आहे का?"

सीमेजवळचं बादाखोस येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग खिडकीतून ऊन आत आलं आणि गाठोडं जागं झालं. मांडीवर धरण्यावाचून ऑरिनला इलाज नव्हता, कारण वरच्या फळीवर ते उलटलं असतं. वास आधी लाजतलाजत आला, मग पाय पसरून बसला.

समोरच्या बाकावरच्या म्हातारीने नवऱ्याला कोपर मारलं. "तरी सांगत होते, मोजे बदल."

"बदललेत गं!"

"मग बूट बदल."

म्हाताऱ्याने बूट काढून नाकाशी नेला. चेहऱ्यावरून त्याला स्वतःबद्दलच शंका येऊ लागली असावी. पलीकडे एका बाईने मांडीवरचं बाळ उचलून हुंगलं, त्याचं सगळं स्वच्छ केलं, पावडर लावली, कपडे बदलले. वास जिथल्या तिथे. एवढ्याशा जिवाबद्दल अख्ख्या बसला आदर वाटू लागला. सीमेच्या अलीकडे पेट्रोलपंपावर ड्रायव्हरने गाडी थांबवली, खाली वाकून चाकं बघितली, सामानाची जागा उघडली आणि मग आत येऊन कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघितलं.

"बोल ना," जोसलिन दातांतल्या दातांत म्हणाली. "त्या बाळाची बदनामी होतेय."

ऑरिनचे कान लाल झाले. तो उठून उभा राहिला आणि सबंध बसला म्हणाला, "माफ करा. ही वास माझी आहे."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा दाटून आली, की ऑरिनला पुढे 'म्हणजे माझ्या चीजचा' हे म्हणायचं सुचलंच नाही. "असू दे बाळा, कोणाला होत नाही?" असं म्हणत म्हातारीने पर्समधून पोटदुखीच्या दोन गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या आणि त्याने त्या गिळेपर्यंत नजर हलवली नाही. लिस्बन येईपर्यंत लोक त्याच्याकडे वळून वळून बघत होते आणि धीर देणारं हसत होते.

स्वस्तातल्या मुक्कामाच्या जागी वेगळंच झालं. सामान ठेवून दोघं तोंड धुवायला गेली, तोवर खालच्या दाढीवाल्या मॅनेजरने गॅस गळतोय असं समजून सगळ्यांना रस्त्यावर काढलं होतं. अंगाला टॉवेल गुंडाळलेले चार डेन्मार्कचे सायकलवाले फुटपाथवर कुडकुडत उभे होते. मॅनेजर नाक पुढे करून एकेक खोली तपासत अखेर ऑरिनच्या कॉटपाशी पोहोचला.

"खोली तुमची," तो शांतपणे म्हणाला, "पण हे इथे राहणार नाही. एक तर ते, नाहीतर मी."

"आत्ताच देऊन टाकतो," ऑरिन म्हणाला. "इथेच आल्फामात द्यायचंय."

आल्फामाच्या चढणीवर धापा टाकत दोघं एन्कार्नाच्या घराशी पोहोचली. दाराला कुलूप. समोरच्या खिडकीत वाळत घातलेल्या चादरींमधून शेजारणीने डोकं काढलं.

"एन्कार्ना? नवऱ्याच्या गावी गेलीय सणाला. शनिवारी येईल."

"आज गुरुवार," जोसलिन म्हणाली. तिच्या आवाजात रडणं आणि राग यांच्यामधलं काहीतरी होतं. "विचार तिला, तिच्याकडे ठेवेल का."

ऑरिनने गाठोडं उंच करून दाखवलं. शेजारीण प्रेमाने पुढे वाकली, तिने श्वास घेतला आणि खिडकी लावून घेतली. आतून कडी घातल्याचा आवाजही आला.

त्या रात्री चीज गच्चीवर कपड्यांच्या दोरीला लटकून झोपलं. सकाळी ऑरिन आणायला गेला तर खाली गल्लीतल्या यच्चयावत मांजरी गोल करून, माना वर करून बसल्या होत्या. चर्चमध्ये प्रवचनालाही इतकी शिस्त नसते.

गुड फ्रायडेचा जोसलिनचा बेत मोठा होता. ट्रॅममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण ऑरिन चढला तशी हळूहळू झाली. पुढच्या थांब्यावर बरेच लोक उतरले, त्याच्या पुढच्या थांब्यावर उरलेले. दोघं खिडकीशी ऐसपैस बसली.

"हे एक बरं आहे," ऑरिन म्हणाला.

"तू बोलू नकोस," जोसलिन म्हणाली.

मठाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने मात्र गाठोडं आत नेऊ दिलं नाही. मग एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने बाहेर राखण करायची, असं ठरलं. जोसलिन आत जाऊन बघून आली. ऑरिनची पाळी येईस्तोवर दार बंद झालं होतं. बुरुजापाशी उलट झालं. दोघांनी मिळून एक लिस्बन बघितलं, असं म्हणायला हरकत नव्हती. शेवटी जोसलिन म्हणाली, "चल, बोटीने नदीपलीकडे जाऊ. तिथून अख्खं शहर एकदम दिसतं आणि वाराही असतो. वास आपल्या मागे राहील."

पलीकडे पोहोचून ती उतरतायत न उतरतायत तोच बोटवाल्यांचा संप सुरू झाला. धक्क्यावर हातानं लिहिलेला कागद चिकटवला गेला. परतीची बोट संध्याकाळी, तीही सुटली तर. सणाचा दिवस, त्या बाजूची खाणावळ बंद, दुकान बंद. सकाळच्या नाश्त्यातून जोसलिनने रुमालात बांधून आणलेले चार पाव तेवढे होते. दोघं धक्क्याच्या कठड्यावर बसली. ऊन चांगलंच तापलं होतं.

"ऑरिन," थोड्या वेळाने जोसलिन म्हणाली, "तुझ्या पँटवर काहीतरी ओघळतंय."

ऑरिनने गाठ सोडली. वरचं टणक साल बाजूने तडकलं होतं आणि फटीतून पिवळसर साय हळूहळू बाहेर येत होती. शेतावर वाढलेल्या मुलाला सांगावं लागलं नाही. त्याने बोटाने कड दाबून बघितली आणि आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखी मान हलवली.

"गेलं. साल फुटलं की हे टिकत नाही. या उन्हात उद्यापर्यंत तर नाहीच."

"मग आता?"

"आता काही नाही. फेकून द्यायचं."

फेकायला म्हणून तो उठला. पण दुधाच्या घरात जन्मलेल्या माणसाचा हात नदीवर जाऊन थांबला. आपल्या बापाने हे बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, असं त्याच्या मनात आलं. तो परत बसला, त्याने पाव मोडला आणि फटीत बुडवला.

"शी," जोसलिन म्हणाली.

ऑरिनने घास तोंडात घेतला. आणि चावता चावता थांबला. डोळे नदीवर होते, पण तो नदी बघत नव्हता.

"काय झालं? ऑरिन? आजारी पडलास का?"

"खा," तो म्हणाला.

"मी मेले तरी..."

"जोसलिन. खा."

तिने एका हाताने नाक दाबून पावाचा कोपरा बुडवला. मग नाकावरचा हात निघाला. मग तिने दुसरा तुकडा मोडला, या वेळी मोठा. दोघांपैकी कोणीही बराच वेळ एकमेकांकडे बघितलं नाही. पाव संपले तेव्हा बोटांची पाळी आली. शेवटी जोसलिनने साल उचललं आणि आतली बाजू दातांनी खरवडून काढली. त्यानंतर ते सालही खाल्लं.

"दोन दिवस," ती हुंदका यावा तसं म्हणाली, "दोन दिवस मी याच्याशी भांडत होते!"

मग तिची नजर दोघांच्या मधे पसरलेल्या रिकाम्या फडक्यावर गेली. निळ्या चौकड्यांचं, धुऊन धुऊन विरलेलं फडकं.

"ऑरिन, आपण काय केलं?"

ऑरिनने फडकं उचलून त्याची घडी घातली. रेमेबाईंनी बहिणीकडे धाडलेला सहा वर्षांतला पहिला शब्द त्या दोघांनी पावाला लावून खाल्ला होता.

शनिवारी सकाळी दोघं पुन्हा आल्फामाची चढण चढत होती. ऑरिनचा विचार ठाम होता. "सरळ सांगायचं. माफी मागायची. घरच्यांनी मला तेच शिकवलंय."

"तुझ्या घरच्यांना रेमेबाई माहीत नाहीत," जोसलिन म्हणाली. "तू माफी मागशील, मोकळा होशील. आणि त्या दोघी? एक म्हणेल, पाठवलंच नव्हतं, बहाणा केला. दुसरी म्हणेल, मिळूनही नाकारलं. आपल्यामुळे आणखी सहा वर्षं..."

ती बोलताबोलता थांबली. एन्कार्नाच्या घराच्या कोपऱ्यावर एक लहानसं किराणा दुकान होतं आणि त्याच्या काचेत, डब्यांच्या मधोमध, ते बसलं होतं. तोच गोल आकार, तोच पिवळा रंग, वरचं सालही तसंच.

"ते पोर्तुगीज आहे," ऑरिन घाबरून म्हणाला. "जोसलिन, ते तर आदेलिनोच्या मुलखातलं आहे! ज्याच्यावरून भांडण झालं ते!"

"दिसायला जुळी भावंडं आहेत. आणि दुसरं आणणार आहेस कुठून?"

दुकानदाराचं नाव दुआर्ते होतं, असं त्याच्या एप्रनवरच भरतकामात लिहिलं होतं. त्याने चीज दिलं. मग त्या दोघांनी त्याच्याच काउंटरवर निळं फडकं पसरून त्यात ते बांधताना बघितलं. मग ऑरिनने त्यालाच विचारलं, "एन्कार्नाबाई गावाहून परत आली का?" दुआर्तेने बोटाने वर दाखवलं. चेहरा मात्र मिठाच्या पोत्यासारखा ठेवला होता.

एन्कार्ना रेमेबाईंपेक्षा बारीक होती, पण कमरेवर हात ठेवायची पद्धत तीच. तिने ऑरिनकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं आणि फडकं ओळखून दाराच्या चौकटीला धरलं.

"कोणी पाठवलं?"

"रेमे सेन्योराने," ऑरिन म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

आत टेबलावर गाठोडं सुटलं. आदेलिनो, पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड माणूस, हातातला पेपर ठेवून उभा राहिला. एन्कार्नाने सुरीने वरची चकती टोपणासारखी कापली, चमचा आत घातला आणि डोळे मिटून तोंडात ठेवला. रेमेबाईंनी सांगितल्याप्रमाणे ऑरिनने तिच्या तोंडाकडे बघितलं.

एन्कार्नाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"बाबांचं," ती म्हणाली. "हे बाबांचं चीज."

"बघू," म्हणत आदेलिनोने चमचाभर घेतलं, जिभेवर घोळवलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट. आणि मागे हा कडवटपणा! आमच्या गावात कोणी असलं केलं असतं, तर त्याला मेंढ्यांनीसुद्धा हाकललं असतं."

"तोंड सांभाळ, आदेलिनो."

"खोटं कशाला बोलू? चीज करणं हे स्पॅनिश लोकांचं काम नव्हे. आमच्या गावच्याची सर याला नाही, नाही म्हणजे नाही."

जोसलिनला एकदम खोकला आला. तो इतका वाढला, की तिला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. ऑरिन जमिनीकडे बघत होता आणि ती दुभंगली तर बरं, असं त्याला वाटत होतं. एन्कार्नाने त्यांच्यापुढे केक ठेवला, कॉफी ठेवली, पण चीजला मात्र कोणाला बोट लावू दिलं नाही. मग तिने फोन उचलला आणि कुठेही न बघता, पाठ असलेला नंबर फिरवला.

"रेमे? ... हो, मीच. ... नाही, मेले नाहीये अजून. ... आलं. ... हो. ... हो गं बाई, हो! तूच खरी. ह्यांच्या गावच्याला ती चव नाही. बास? ... कोणाला देणार? आदेलिनोने चमचाभर चाखलं, तेवढंच. पोरांनाही कण दिला नाही. मी एकटी खाणार आहे."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. आणि मग पाहता पाहता दोघींचा आवाज असा चढला, की पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला.

"तू ये इकडे!" "मी कशी येऊ, माझे गुडघे बघ!" "मग माझ्या पायांना काय चाकं आहेत?" "थोरली तू आहेस!" "थोरली म्हणून काय झालं? ..."

आदेलिनो समाधानाने पुन्हा पेपरमागे गेला. सहा वर्षांत घर असं भरलेलं वाटलं नव्हतं, असं त्याच्या मिशांवरून दिसत होतं.

निघताना एन्कार्ना दोघांना सोडायला जिन्यापर्यंत आली आणि तिने मागे दार ओढून घेतलं. ऑरिनला आता राहवेना.

"सेन्योरा, मला तुम्हाला काहीतरी सांगायची आहे. मी... तो चीज..."

"सांगू नकोस," एन्कार्ना म्हणाली. "तुम्ही जिना चढायच्या आत खालच्या दुआर्तेचा फोन आला होता. म्हणाला, दोन अमेरिकन पोरं माझ्याकडचं चीज घेऊन फडक्यात बांधून तुमच्याकडेच येतायत. पोलीस बोलावू का?"

जोसलिनने भिंतीला टेकून डोळे मिटले.

"दर शनिवारी आदेलिनोच्या गावचं तेच चीज मी दुआर्तेकडून आणते," एन्कार्ना पुढे म्हणाली. "मला कळणार नाही होय? तिचं कुठे गेलं?"

"आम्ही खाल्लं," ऑरिन म्हणाला. "सगळं."

"हं. निदान वाया नाही गेलं."

"पण मग तुम्ही रडलात ते?"

"ते खरं होतं. फडकं आईचं आहे." आदेलिनो ऐकतोय की काय, म्हणून तिने ओढलेल्या दाराकडे एकदा बघितलं. "सहा वर्षं मी वाट बघतेय, की त्या बाईने काहीतरी पाठवावं. आता आत काय होतं यावरून आणखी सहा वर्षं घालवू? तिला एक अक्षर बोलायचं नाही, कळलं?"

"आणि आदेलिनोंना?" जोसलिनने विचारलं.

एन्कार्नाचा चेहरा एकदम उजळला. "त्याला तर मुळीच नाही! लग्न झाल्यापासून ऐकतेय, गावचं चीज, गावचं चीज. आज पहिल्यांदा त्याने त्याच्या गावच्या चीजला नावं ठेवली. हे सुख मला एकटीला पुरवून पुरवून वापरू द्या."

रविवारी संध्याकाळी ऑरिन कासेरेसला पोहोचला तेव्हा रेमेबाई नवा एप्रन बांधून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. टेबलावर सूप, तळलेली अंडी, शिवाय एरवी फक्त पाहुण्यांसाठी निघणारं हॅम. "बस, बस, वाळलास," म्हणत त्यांनी त्याला खुर्चीत दाबून बसवलं. एन्कार्ना काय म्हणाली हे त्यांनी त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं, डोळ्यांत पाणी आलं इथपर्यंत पोहोचलं की पुन्हा पहिल्यापासून. ऑरिनने खोटं असं काही सांगितलं नाही. जे बघितलं तेवढंच, शब्द न् शब्द सांगितलं. घाम मात्र फुटत होता.

"पुढच्या महिन्यात येतेय," रेमेबाई म्हणाल्या. "मीच शेवटी म्हटलं, ये बाई, तिकीट मी काढते. तिचे गुडघे म्हणे!" त्या समोर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तुला म्हणून सांगते हं. मला धाकधूक होती. यंदा विरजण माझ्या हातून जरा जास्त पडलं. कडू झालं असणार, असं सारखं वाटत होतं. तिने गोड मानून घेतलं, मोठ्या मनाची आहे. पण चीज काही बाबांसारखं उतरलं नव्हतं."

त्यांचा उतरलेला चेहरा बघून ऑरिनला भडभडून आलं. या बाईंनी इतकं अप्रतिम काही करावं आणि त्यांना ते ठाऊकच नसावं, हे त्याच्याच्याने सहन झालं नाही.

"नाही हो, सेन्योरा!" तो उसळून म्हणाला. "कडू अजिबात नव्हतं! इतकं सुंदर मी जन्मात खाल्लं नाही. आणि साल तर..."

तो थांबला. चमचा सुपात बुडाला.

रेमेबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सावकाश विचारलं, "एन्कार्ना तर म्हणाली, पोरांना कणसुद्धा दिला नाही."

ऑरिन सुपात चमचा शोधू लागला.

"सालसुद्धा खाल्लंस?"

"साल जोसलिनने," ऑरिन कुजबुजला.

"म्हणजे सगळं? तुम्ही दोघांनीच? एका बैठकीत?"

"हो, सेन्योरा. तिकडे दिलं ते कोपऱ्यावरच्या दुकानातलं, पोर्तुगीज."

रेमेबाई उठल्या. चुलीकडे तोंड करून, पाठमोऱ्या बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय, या भीतीने ऑरिन अर्धवट उभा राहिला. तेवढ्यात त्या वळल्या, तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"म्हणजे ती रडली, ते तिच्याच नवऱ्याच्या गावचं खाऊन?" त्यांनी टेबलाशी खुर्ची ओढली, हॅमची ताटली ऑरिनपुढे सरकवली आणि दोन्ही कोपरं टेकून बसल्या. "एन्कार्नाला यातलं काही कळता कामा नये हं, बिचारीचा हिरमोड होईल. आता सांग. पहिला घास घेतल्यावर कसं लागलं तिथून सुरू कर. आणि सावकाश सांग."